कलमवार : संसदेच्या चिकित्सा समित्यांची वाटचाल

मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात मागितलं ते फार थोडं होतं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं आपलं विधेयक आजच मंजूर करा, असं ते म्हणत नव्हते. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवा, तिथे त्याचं एकेक कलम तपासा, नको असेल ते गाळा, एवढाच प्रस्ताव होता. विधेयकही विलक्षण सावध होतं. जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीपासून शाळेत जात आहेत तिथल्याच स्थानिक संस्थांना, तेही सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती लागू करता आली असती. मधल्या वर्षात मसुदा प्रांतिक सरकारांकडे, विद्यापीठांकडे, सार्वजनिक संस्थांकडे मत मागण्यासाठी फिरून आला होता. दोन दिवस चर्चा झाली. सरकारी सभासदांचं बळ मोठं होतं आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी प्रस्ताव पडला.

विधेयक पडलं याची हळहळ मराठी माणसाला आजही वाटते आणि ती योग्यच आहे. पण ते कुठे अडवलं गेलं, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ते समितीच्या दारात अडवलं गेलं. समितीत गेलं असतं तर सरकारी सभासदांना प्रत्येक कलमासमोर बसून ‘हे का नको’ याचं उत्तर द्यावं लागलं असतं. सभागृहात भाषण करून हात वर करणं त्या मानाने सोपं. संसदेच्या समित्यांचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. कारण विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही हे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हा सुटला नव्हता आणि आजही सुटलेला नाही.

या पद्धतीची सुरुवात त्याच्याही साठ वर्षं आधीची. १८५३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाला कायदे करण्यापुरतं वेगळं रूप दिलं. बारा सभासद, त्यांत एकही भारतीय नाही. तरी डलहौसीच्या काळात या मंडळाने ब्रिटिश पार्लमेंटच्या धर्तीवर कामाची रीत घालून घेतली : विधेयकाची तीन वाचनं, मधल्या टप्प्यावर चिकित्सा समिती आणि लोकांसाठी खुल्या बैठका. मेकॉलेने १८३७ मध्ये सादर केलेला दंडसंहितेचा मसुदा वर्षानुवर्षं पडून होता. तो सुधारून, पुन्हा तपासून १८६० मध्ये याच मंडळाने मंजूर केला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. परक्यांनी आपल्या सोयीसाठी केलेला हा कायदा पुढे दीडशेहून अधिक वर्षं टिकला, त्यामागे ही लांबलेली घासाघीस होती, हे मान्य करायला हवं. मंडळ मात्र सरकारला प्रश्न विचारू लागलं तसं लंडनला खुपू लागलं. १८६१ च्या कायद्याने त्याचे पंख छाटले. समोर आलेल्या विधेयकावर तेवढं बोला, बाकी काही विचारू नका, अशी व्यवस्था झाली. मुंबईच्या कायदे कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी भरली. तिथे नाना शंकरशेट बसले ते याच आखून दिलेल्या चौकटीत.

समिती असली की झालं, असंही नव्हे. १९१९ चं रौलट विधेयक समितीतून गेलंच होतं. एकूण एक बिनसरकारी भारतीय सभासद विरोधात, तरी सरकारी मतांवर ते मंजूर झालं. मालवीय आणि जीना यांनी निषेध म्हणून सभासदत्व सोडलं. ऐकून घ्यायचं नाही असं आधीच ठरलं असेल तर बैठका कितीही घेतल्या तरी व्यर्थ. पुढच्याच दशकात मात्र उलट अनुभव आला. हरविलास सारडांनी १९२७ मध्ये बालविवाहाविरुद्ध विधेयक आणलं तेव्हा ते फक्त हिंदूंपुरतं होतं आणि ठरावीक वयाखालचे विवाह अवैधच ठरवणारं होतं. चिकित्सा समितीने ते सर्व समाजांना लागू केलं आणि विवाह रद्द करण्याऐवजी तो लावणाऱ्यांना शिक्षा, अशी दिशा बदलली. लग्न रद्द झालं तर त्या मुलीचं काय, हा प्रश्न कलम वाचत बसल्याशिवाय कुणाला पडत नाही. याच सुमारास संमतिवयाच्या प्रश्नावर सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. या समितीने देशभर प्रश्नावली पाठवली, गावोगावच्या साक्षी घेतल्या, डॉक्टरांना आणि बायकांना बोलतं केलं. तिचा अहवाल हाताशी आल्यावर १९२९ मध्ये मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ असं ठरवणारा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली, ती गोष्ट वेगळी. पण ज्यांच्यावर कायदा लागू होणार त्यांना आधी विचारायचं, ही रीत इथे रुजली.

स्वातंत्र्यानंतर या रीतीला संस्थेचं रूप दिलं ते दादासाहेब मावळणकरांनी. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, वकिली अहमदाबादेत. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे सभापती होते. १९४६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचं अध्यक्षपद त्यांनी अवघ्या तीन मतांच्या फरकाने जिंकलं आणि पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष म्हणून काम करत असतानाच फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांचं निधन झालं. या दहा वर्षांत कामकाज सल्लागार समिती, खाजगी विधेयकांची समिती, आश्वासन समिती असं एकेक अंग उभं राहिलं. त्यांची करडी नजर सर्वांत जास्त होती ती वटहुकमांवर. अधिवेशन तोंडावर असताना वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीला मारक आहे, असं त्यांनी १९५० मध्ये सरकारला लेखी कळवलं आणि पुढे थेट नेहरूंनाही लिहिलं. ज्या पक्षाच्या तिकिटावर आपण निवडून आलो त्याच पक्षाच्या सरकारला अध्यक्षाच्या खुर्चीतून हे सांगायला निराळं धैर्य लागतं. त्यांचा तो पत्रव्यवहार प्रत्येक नव्या पीठासीन अधिकाऱ्याने वाचावा असा आहे.

याच काळात सर्वोच्च न्यायालयात एक लहानसं प्रकरण आलं. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये एका ठरावाने अफूचा कायदा केला होता. तो कुठेही प्रसिद्ध केला नव्हता, दवंडी नाही, राजपत्र नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला. १९५१ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. बंद खोलीत ठराव करून लोकांना कळूही न देता कायदा लागू करता येत नाही, हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा त्या निकालाचा गाभा. कायद्याचं राज्य म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येईल असं मला वाटत नाही. जो नियम मला माहीत होण्याची सोयच नव्हती, तो मी मोडला म्हणून मला शिक्षा कशी?

आता हाच प्रश्न आजच्या नियमांना आणि अधिसूचनांना लावून पाहा. संसद कायदा करते, पण माणसाचा रोजचा संबंध येतो तो खात्याने केलेल्या नियमांशी. अर्जाचा नमुना, मुदत, शुल्क, पात्रता हे सगळं नियमांत असतं. १९५० मध्ये कायदामंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी अशा दुय्यम विधानावर नजर ठेवणारी संसदेची समिती असावी अशी सूचना केली. १ डिसेंबर १९५३ रोजी लोकसभेत ती स्थापन झाली, राज्यसभेत १९६४ मध्ये. पंधरा सभासद, मंत्री कुणी नाही. खात्याने केलेला नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातो का, मागच्या तारखेपासून लागू होतो का, कुणाचा न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करतो का, हे ती पाहते. वर्तमानपत्रांत तिचं नाव क्वचित येतं. पण कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत नियम झालेच पाहिजेत, ही शिस्त तिने घातली आणि उशीर होणार असेल तर खात्यांना तिच्याकडे मुदतवाढ मागावी लागते. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला आणि त्याचे नियम आले मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात गृहखातं या समित्यांकडून एकामागून एक मुदतवाढ घेत होतं. शिस्त आहे, पण ती मोडली तर काय, याचं उत्तर समितीजवळ नाही.

हिंदू कायद्याच्या सुधारणेची हकीकत या वाटचालीतला सर्वांत लांब पल्ला. बी. एन. राव यांची समिती १९४१ मध्ये नेमली गेली. १९४४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्यात पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. समिती मुंबई-पुण्यासह देशभर फिरली. पुढे आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये चिकित्सा समितीने मसुदा तपासला. सभागृहात तो रखडला आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विवाह, वारसा, दत्तक, पालकत्व असे चार कायदे होऊन ते अखेर १९५५-५६ मध्ये मंजूर झाले. पंधरा वर्षांचा हा विलंब आंबेडकरांवर अन्याय करणारा होता, याबद्दल मला शंका नाही. त्यातला मोठा भाग चिकित्सेचा नव्हताच, तो टाळाटाळीचा होता. चिकित्सा आणि टाळाटाळ यांची गल्लत करून ‘समितीकडे पाठवलं म्हणजे थंड्या बस्त्यात गेलं’ असं म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली, तिने पुढे बरंच नुकसान केलं.

घाईचा कळस आणीबाणीत झाला. ७ ऑगस्ट १९७५ रोजी ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. ८ तारखेला राज्यसभा, ९ तारखेला राज्यांच्या विधानसभांची संमती, १० तारखेला राष्ट्रपतींची सही. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधानांच्या निवडणुकीचं अपील सुनावणीला यायचं होतं, आणि दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूकच न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली होती. चार दिवसांत घटना बदलली, तीही एका व्यक्तीच्या चालू खटल्यासाठी. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने दुरुस्तीतलं ते कलम रद्द केलं. पाच न्यायाधीशांत यशवंत चंद्रचूड होते आणि कायद्यासमोरची समानता हा त्यांच्या विवेचनाचा कणा होता. कायदा सर्वांसाठी असतो, एकासाठी लिहिला तर तो हुकूम होतो, हे त्या निकालामुळे पक्कं झालं. तरी मला राहून राहून वाटतं की हे न्यायालयाने सांगण्याआधी सभागृहात कुणीतरी अडवून विचारायला हवं होतं. विचारू शकणारे बरेच जण तेव्हा तुरुंगात होते.

नेमक्या याच दशकात महाराष्ट्रात एक कायदा अगदी उलट्या क्रमाने झाला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात मागेल त्याला काम ही कल्पना प्रत्यक्ष करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली. मजुरी किती, काम किती अंतरावर, मोजमाप कोण करणार, हे सगळं रोजच्या कामावर कळत गेलं आणि मग १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने रोजगार हमी कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आधी अनुभव, मग कायदा. विधिमंडळाने रोजगार हमीच्या कामांवर देखरेख ठेवणारी स्वतःची समितीही नेमली. देशाच्या पातळीवर रोजगार हमीचा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं, तेव्हा हा अनुभव समोर होता.

मावळणकरांना खुपणारी वटहुकमांची सवय मात्र सुटली नव्हती. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राचं संशोधन करणारे डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमिनीच्या प्रश्नावरची कागदपत्रं पाहत होते, तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. तेच ते वटहुकूम दर काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा निघत होते. त्यांनी मोजदाद केली. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम निघाले, त्यांतले ६९ पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर दहा वर्षांहून अधिक काळ. विधानसभा भरत होती, उठत होती, पण ते कायदे तिच्यासमोर येतच नव्हते. अधिवेशन संपलं की सचिवालयातून एक पत्र निघायचं आणि जुना वटहुकूम नव्या तारखेने जन्माला यायचा. वाधवांनी १९८३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवतींच्या घटनापीठाने हा घटनेशी केलेला कपटाचार ठरवला आणि संशोधकाच्या श्रमाची दखल घेऊन त्यांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यायला सांगितलं. ग्रंथालयात बसून राजपत्रं चाळणाऱ्या एका अभ्यासकाने विधानसभेचा हक्क तिला परत मिळवून दिला, याचा पुण्याने अधिक अभिमान बाळगायला हवा. पुढे २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक पाऊल टाकलं : वटहुकूम विधिमंडळासमोर ठेवणं हे बंधनकारक कर्तव्य आहे.

१९८५ च्या पक्षांतरबंदी दुरुस्तीने सभागृहाची हवा बदलली होती. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाणार म्हटल्यावर, विधेयकावर स्वतःचं मत मांडण्याची सभागृहातली जागा आक्रसली. ही जागा दुसरीकडे शोधणं भाग होतं. १९८९ मध्ये शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण अशा तीन विषय समित्या करून पाहिल्या गेल्या. मग लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, एप्रिल १९९३ मध्ये सतरा विभागवार स्थायी समित्या सुरू झाल्या. पाटलांची कारकीर्द पुढे इतर कारणांनी लक्षात राहिली. माझ्या मते मात्र त्यांचं सर्वांत टिकाऊ काम हेच. २००४ मध्ये समित्यांची संख्या चोवीस झाली. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सर्व पक्षांचे.

तिथे काम कसं चालतं, हे बाहेर फारसं कळत नाही, कारण बैठका बंद दाराआड होतात. विधेयक आलं की समिती जाहिरात देऊन निवेदनं मागवते. खात्याचे सचिव येऊन कलमामागचं कारण सांगतात. मग साक्षी : उद्योजक, कामगार संघटना, वकील, डॉक्टर, कधी ज्यांना कायद्याचा चटका बसणार ती साधी माणसं. शेवटी कलमवार वाचन. कॅमेरा नाही, पक्षादेश नाही. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे खासदार तिथे शेजारी बसून एका स्वल्पविरामावर तासभर वाद घालतात. पटलं नाही तर भिन्नमतपत्रिका जोडायची सोय आहे आणि ती अहवालाबरोबर छापली जाते. माहिती अधिकाराचं विधेयक डिसेंबर २००४ मध्ये आलं तेव्हा ते केंद्र सरकारपुरतंच होतं. स्थायी समितीने साक्षी ऐकल्या आणि राज्यांनाही ते लागू करावं असं सांगितलं. मे २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते तसं मंजूर केलं. आज तलाठी कार्यालयात किंवा नगरपालिकेत दहा रुपये भरून अर्ज करता येतो, त्यात त्या समितीचा वाटा आहे.

वेळ लागतो, हा आक्षेप नेहमीचा. दिवाळखोरी संहिता डिसेंबर २०१५ मध्ये मांडली गेली, संयुक्त समितीने एप्रिलमध्ये अहवाल दिला आणि मे २०१६ मध्ये कायदा झाला. सरोगसीच्या विधेयकात मूळ अट होती की केवळ जवळची नातेवाईक स्त्रीच सरोगेट होऊ शकेल. राज्यसभेच्या चिकित्सा समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये ही अट काढायला सांगितली, कारण नात्याच्या दबावाखाली बाई ‘नाही’ म्हणू शकणार नाही. ती सूचना कायद्यात आली.

समिती चुकतेही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या दुरुस्तीचा मूळ मसुदा स्थायी समितीने पाहिला होता. डिसेंबर २००८ मध्ये तो गदारोळात, चर्चेविना मंजूर झाला. त्यातल्या ६६-अ कलमात ‘त्रासदायक’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे सैल शब्द होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्याला पसंती देणाऱ्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा त्या सैल शब्दांची किंमत महाराष्ट्राला कळली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं : काय केलं तर गुन्हा होतो हे ज्यातून कळतच नाही, असा कायदा टिकू शकत नाही. म्हणजे समितीनंतर सभागृहाने पुन्हा वाचायचं असतं. दोन्ही टप्पे हवेत.

गेल्या दहा वर्षांत ही वाट अरुंद होत गेली. पीआरएस या संसदीय अभ्यास संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास आलं, सतराव्यात १६ टक्क्यांवर. २०१४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने ठरवलं होतं की प्रत्येक विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा. ते धोरण कागदावर आजही आहे, पण ते कायद्याने बंधनकारक नाही आणि मोडल्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही.

शेती कायद्यांचं काय झालं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जून २०२० मध्ये वटहुकूम, सप्टेंबरमध्ये विधेयकं. समितीकडे पाठवण्याची मागणी मान्य झाली नाही. २० सप्टेंबरला राज्यसभेत मतविभागणी मागितली गेली असताना दोन विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. त्या कायद्यांतल्या बाजार खुला करण्याच्या भूमिकेला शरद जोशींच्या विचारांच्या इथल्या कार्यकर्त्यांचा पाठिंबा होता. विरोध करणाऱ्यांनाही ठोस प्रश्न होते : बाजार समितीबाहेर व्यवहार झाला तर पैसे बुडाल्यावर दाद कुठे मागायची, दिवाणी न्यायालय का वगळलं. हे दोन्ही आवाज एका टेबलाशी बसायला हवे होते. तसं टेबल मांडलं गेलं ते जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कायदे स्थगित करून नेमलेल्या समितीत. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट तिचे सदस्य होते. संसदेने आधी करायचं काम न्यायालयाने मागाहून करायला घेतलं. कायदा चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेवला तरी दिल्लीच्या वेशीवरचं शेतकरी आंदोलनाचं ते वर्ष टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे रद्द करणारं विधेयक मंजूर झालं, तेही चर्चेशिवाय, एका दिवसात, दोन्ही सभागृहांत.

नव्या न्यायसंहिता २०२३ मध्ये समितीकडे गेल्या हे खरं. समितीने तीन महिन्यांत अहवाल दिला, सरकारने विधेयकं मागे घेऊन सुधारून पुन्हा मांडली. पण त्या मंजूर झाल्या तेव्हा विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित होते. २०२५ च्या आयकर विधेयकाचं उदाहरण याहून बोलकं आहे. लोकसभेच्या चिकित्सा समितीने त्यावर काही महिने बसून २८५ सूचना केल्या. सरकारने विधेयक मागे घेतलं, बहुतेक सूचना घालून ११ ऑगस्टला नव्याने आणलं आणि लोकसभेने ते त्याच दिवशी गोंधळात, चर्चेविना मंजूर केलं. समिती काम करते आहे आणि सभागृह तिचं काम वाचायला थांबत नाही, अशी ही अवस्था. मुंबईत विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. त्या कायद्याला माझा विरोध कायम आहे, पण राज्यातल्या बारा हजार लोकांनी आणि संस्थांनी कागद घेऊन बसून एका विधेयकावर लिहिलं, ही गोष्ट लहान नाही. विचारलं तर लोक सांगतात.

समित्यांच्या रचनेतही दुरुस्ती हवी आहे. त्या दरवर्षी नव्याने बनवल्या जातात. खासदार विषय समजून घेईपर्यंत त्याची समिती बदललेली असते. सभासदांच्या हाताशी स्वतंत्र संशोधक जवळपास नाहीत. माहिती देणारं खातं तेच, ज्याचं विधेयक तपासायचं. सूचना नाकारली तर मंत्र्याने सभागृहात कारण सांगितलंच पाहिजे, असं विधेयकांच्या बाबतीत बंधन नाही.

यांतलं बरंचसं पैशाने आणि माणसांनी सुधारेल. विधेयक समितीकडे जाणार की नाही, हा प्रश्न मात्र नियमाचाच आहे. आज स्थायी समित्या तीच विधेयकं तपासू शकतात जी लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती त्यांच्याकडे पाठवतील, आणि व्यवहारात हे सरकारच्या कलाने ठरतं. म्हणजे ज्याचं काम तपासायचं, दाराची किल्ली त्याच्याच खिशात. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. सभागृहाने आपल्या कार्यपद्धतीच्या नियमांत एवढं लिहावं : मांडलेलं प्रत्येक सरकारी विधेयक स्थायी समितीकडे जाईल. पाठवायचं नसेल तर मंत्र्याने त्याची कारणं लेखी पटलावर ठेवावीत आणि त्यावर सभागृहाने मत द्यावं. तातडीच्या विधेयकाला त्यातूनही वाट राहील. नियम समिती दोन्ही सभागृहांत आहे आणि तिचे अध्यक्ष त्या त्या सभागृहाचे पीठासीन अधिकारीच असतात. प्रस्ताव तिच्यासमोर ठेवायला एका खासदाराचं पत्र पुरतं.